शनिवारच्या बाजारातले एकोणसत्तर हात

दत्तोबा प्रचारकाविषयी मारुतरावाला काय ठाऊक होतं, ते मांडायला बसलं तर पोस्टकार्डाची एक बाजूही भरायची नाही. त्याचं आडनाव माहीत नव्हतं. गाव नगरकडचं एवढंच; राहुरी की नेवासं, ते कधी विचारलं नाही. बायको होती की वारली होती, पोरंबाळं होती का, खोलीवर एकटा काय शिजवून खायचा, यातलं काहीही मारुतरावाला सांगता येणार नाही. सात वर्षं दर शनिवारी हा माणूस त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसला, आणि मारुतरावाला त्याच्यापेक्षा त्याच्या सायकलीची माहिती जास्त होती. मागचं चाक किंचित वाकडं, चेन पंधरवड्यातून एकदा उतरणारी, घंटी मुकी. माणसाबद्दल म्हणाल, तर माहिती नव्हती पण मत होतं, आणि ते वाईट होतं. मत असायला माहिती लागतेच असं कुठं आहे?

दत्तोबा येशूचा प्रचारक होता. पुण्याच्या एका मिशननं पन्नास सालच्या हिवाळ्यात त्याला चाकणला आणून टाकला. राहायला गावाबाहेर एक खोली, फिरायला ही सायकल आणि सुधारायला खेडपासून मोशीपर्यंतची गावं त्याच्या हवाली केली. मारुतरावाचं सायकलचं दुकान पुणे-नाशिक रस्त्यावर, बाजारतळाच्या तोंडाशी होतं. चार पत्रे, एक पंप, पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं आणि खिळ्यांना टांगलेले जुने टायर. दुकानाच्या सावलीत छबूबाई भाजी घेऊन बसायची. मेथीच्या जुड्या आणि तोंड, दोन्ही ताजं.

"नाव दत्तोबा आन् गानं येशूचं," छबूबाईनं पहिल्याच शनिवारी त्याला ऐकवलं. "घरच्यांनी बारशाला काय ते एक ठरवायचं तरी व्हतं."

"आजीनं ठेवलं, बाई," तो म्हणाला. "तिला येशू ठाऊक नव्हता."

यावर कुणी चिडेल, कुणी हसेल. हा नुसता खरं सांगून गप्प बसला. मारुतरावाचा पहिला वाईट शेरा त्याच दिवशी पडला. ज्याला टोमण्याला टोमणा देता येत नाही, तो बाजारात येऊन काय विकणार?

आणि विकायचा माल तरी कसा मांडायचा? उन्हाळ्यातही काळा कोट, कोपरावर ठिगळ. गळा तेल न घातलेल्या चेनीसारखा. दुपारी कांद्याचे लिलाव संपून गाड्या रिकाम्या झाल्या की हा चिंचेखाली चिपळ्या घेऊन उभा राहायचा आणि कीर्तन लावायचा. कीर्तन म्हटल्यावर चाकणची माणसं बसतातच. कुणाचं आहे ते मग बघतात. त्यातून फुकट. कुणी बैलांना वैरण टाकून यायचा, कुणी उरलेल्या वेळात डुलकी काढायला. अभंगाच्या चालीवर येशूची पदं म्हणत हा घामाघूम व्हायचा, आणि मागं बसलेली टवाळ माणसं त्याला हटकून चुकीच्या जागी टाळ्या द्यायची.

एकच गोष्ट त्याला बरी सांगता यायची. शंभर मेंढरांचा धनगर, त्यातलं एक मेंढरू हरवतं, आणि तो नव्व्याण्णव तिथंच सोडून त्या एकाच्या शोधात जातो. देव असा आहे, असं दत्तोबाचं म्हणणं. महिन्यातून दोन शनिवार ही गोष्ट व्हायची, आणि दर वेळी छबूबाई जुड्यांवर पाणी मारता मारता ओरडायची, "बुवा, मंग मागं ऱ्हायलेल्या नव्व्याण्णवांचं काय झालं?"

"ते सांगितलेलं नाही, बाई."

"लांडग्यानं खाल्ली आसत्याल."

"मला ठाऊक नाही."

लोक खो खो हसायचे. कीर्तनाला उभा राहून 'मला ठाऊक नाही' म्हणणारा बुवा चाकणनं त्याआधी पाहिला नव्हता. आखाड्यात उतरून आपणच पाठ टेकणाऱ्या पैलवानासारखं ते होतं. मारुतराव दुकानातूनच ऐकायचा आणि हातातल्या पान्यानं कपाळ बडवायचा. एखादी थाप मारावी, राखण्याला कुत्रं होतं म्हणावं, धनगराचा भाऊ होता म्हणावं! पण नाही. सात वर्षांत त्याला एक कुत्रं सुचलं नाही.

कीर्तन झालं की तो दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा. समोरच्या हॉटेलातून चहा सांगायचा. दत्तोबासाठी तिथं कान तुटलेला एक कप बाहेर लिंबाच्या झाडाला खिळ्यावर अडकवलेला असे. तो त्यानंच काढायचा, त्यात चहा वरून ओतून घ्यायचा, आणि धुऊन पुन्हा खिळ्याला लावायचा. धर्म बदलून त्याच्या घराला तीस-चाळीस वर्षं झाली असतील, पण कपाला ते कुणी कळवलेलं नव्हतं. मारुतराव आपल्या कपातून चहा पिताना हे सगळं बघायचा. बघायचा म्हणजे, दिसायचं. त्या वेळी त्यात काही बघण्यासारखं आहे असं त्याला वाटलं नव्हतं, आणि आता वाटतं याचा कुणाला काय उपयोग?

"बुवा," मारुतराव एकदा ट्यूब घमेल्यात बुडवता बुडवता म्हणाला, "सात वर्सं झाली. किती मेंढरं गावली?"

"एकही नाही."

"मंग मिशनवाले खायाला कशाचं घालत्यात?"

"मी पेरणारा नाही, मारुतराव. नांगरणारा आहे. माणसाचं मन आधी तयार व्हावं लागतं. ढेकळं फुटल्याबिगर बी टाकलं तर पाखरं खातात. मी कुणाला ये म्हणत नाही. ये म्हणायची वेळ आली की कळतं."

"सात वर्सं नांगरताय व्हय. बैल म्हातारं झालं की वं!"

"रान खडकाळ आहे."

"आमी खडक?"

"मी मला धरून म्हणतो," दत्तोबा म्हणाला, आणि ट्यूबमधून बुडबुडा कुठून येतो ते वाकून बघू लागला.

असल्या माणसाशी भांडताही येत नाही. मारुतरावानं कानशीनं ट्यूब खरवडली, ठिगळ लावलं आणि मनातल्या मनात त्याला पुन्हा एकदा निकालात काढलं. गिऱ्हाइकाला 'घ्या' न म्हणणारा दुकानदार!

सत्तावन्न सालच्या होळीनंतर पुण्याहून पत्र आलं. मिशनचे पाळकसाहेब, म्हणजे दत्तोबाचे वरिष्ठ, ईस्टरच्या आधीच्या शनिवारी कीर्तनाला येणार होते. सात वर्षांत एक नाव पाठवलेलं नाही. या भेटीत तयार झालेली माणसं दिसली नाहीत तर चाकणचं काम बंद करायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. दत्तोबानं पत्र वाचून दाखवलं आणि चौकोनी घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

"जाऊ द्या," मारुतराव म्हणाला. "सुटलात. पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना निघालाय. तुमच्या नगरकडची किती मान्सं लागली तिथं. बाटल्या धुवा, शिफ्ट करा, इस्त्रीचे कपडे घाला."

"आणखी थोडी वर्षं मिळायला हवी होती," दत्तोबा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा वेगळा आला, म्हणून मारुतरावानं मान वर केली. "एक माणूस तयार होतंय. मला तसं वाटतं. आता सोडून गेलो तर अर्ध्यावर राहील."

"कोन?"

"ते बोलायचं नसतं. नुसत्या बोलण्यानं मोडतं."

मारुतराव त्या दिवशी घरी जाईपर्यंत विचार करत होता. सात वर्षं पायरीवर बसून हा कुणाशी बोलतो? आपल्याशी. म्हणजे तो एक आपणच! त्याला भयंकर राग आला. आपल्या घरी खंडोबाचा टाक, आपण काय याच्या रानातलं ढेकूळ? पण रागाच्या खाली, खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं होतं. कुणाला तरी आपण तयार होण्याजोगे वाटलो. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नाही.

आता पुढचं जे केलं ते त्यानं दत्तोबावरच्या मायेपोटी केलं असं कुणी समजू नये. दत्तोबा त्याला आवडत नव्हता. पण आपल्या बाजारातलं येडं आपल्या बाजारात राहावं, ते पुण्याच्या कुणी टोपीवाल्यानं उठून घेऊन जाऊ नये, एवढं त्याला वाटत होतं. तो सरपंच सोपानरावांकडे गेला.

"साहेब येनार. समद्यांना इचारनार, कुणाचं मन तयार हाय त्यांनी हात वर करा. ह्यांची तशीच पद्धत असती म्हनं. आपन हात वर करायचं. बुवांची नोकरी ऱ्हाती."

सोपानरावांनी पान चावत विचार केला. "आन् आपला धर्म?"

"हात वर केल्यानं बुडत आसता तर पंचायतीच्या सभेत कवाच बुडाला आसता. गटारीचा ठराव पाच वर्सं हात वर करूनच मंजूर हाय का न्हाई? झाली का गटार?"

"न्हाई झाली," सोपानरावांनी प्रामाणिकपणे कबूल केलं. सरपंचाला पटलं म्हणजे गावाला पटलं. पुढच्या दोन शनिवारी मारुतरावानं पंक्चरला आलेल्या प्रत्येकाच्या कानात ते घातलं. छबूबाईला तर पहिल्यांदा. दत्तोबाला मात्र कुणी बोललं नाही. त्याला कळलं असतं तर त्यानं लगेच खरं सांगून टाकलं असतं, एवढं त्याला सगळा बाजार ओळखत होता.

शनिवार आला. ऊन असं की चिंचेची सावलीसुद्धा तापलेली. पाळकसाहेब मोटारीनं आले. डोक्यावर उन्हाची टोपी, खिशात फाउंटन पेन, हातात छोटी वही. लोकांकडे ते असे बघत होते, जसा नवा व्यापारी कांद्याच्या ढिगाकडे बघतो: वरचे बरे दिसतात, खाली काय आहे कोण जाणे. कीर्तनाला एवढी गर्दी दत्तोबानं जन्मात पाहिली नव्हती. तो घाबरला. पदं दोनदा चुकला. मग त्यानं आपलं शंभर मेंढरांचं आख्यान लावलं, आणि आज पहिल्यांदा छबूबाईनं मधे तोंड घातलं नाही. तो तिच्या प्रश्नाच्या जागी थांबलासुद्धा. तिनं पदर तोंडावर धरला होता. सरपंचानं ताकीदच दिली होती, साहेबासमोर फाजीलपणा नको.

कीर्तन संपल्यावर पाळकसाहेब उभे राहिले. छापील मराठीत ते बोलले. "बंधुजनहो, शेत पिकून पांढरं झालं आहे. आज तुमच्यापैकी कोणाकोणाचं अंतःकरण प्रभूसाठी तयार आहे? लाजू नका. हात वर करा."

सोपानरावांनी मागं वळून एकदा पाहिलं, आणि हात वर केला. झालं. पंचायतीच्या सभेत होतात तसे सगळे हात एकदम वर गेले. झोपलेल्याला शेजाऱ्यानं कोपरानं ढोसलं, त्याचाही गेला. मारुतराव दुकानाच्या दारात उभा होता. ग्रीसनं काळा झालेला हात त्यानंही वर केला. छबूबाईनं दोन्ही हात वर केले, बुवांची नोकरी दुप्पट टिकावी म्हणून.

पाळकसाहेब पेन काढून मोजायला लागले. ओठ हलत होते. "एकोणसत्तर," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे पाणावले. हे त्यांच्याबद्दल बरं सांगण्यासारखं एकच आहे, म्हणून सांगितलं. वहीत त्यांनी आकडा घातला आणि खाली रेघ ओढली. दत्तोबाचा खांदा थोपटून म्हणाले, "धन्य आहात! आणि तुम्ही तर काहीच कळवलं नव्हतंत."

दत्तोबा हातांकडे बघत उभा होता. त्याचा चेहरा पडलेला नव्हता. मारुतरावाला नीट आठवतं, आठवणीचा भरवसा किती धरायचा तो धरा, पण त्या क्षणी तो चेहरा खुलला होता. मूर्खासारखा. मग तो सगळं सोडून छबूबाईपाशी गेला आणि तिच्या जुड्यांसमोर खाली बसला.

"बाई," तो म्हणाला, "हात कशासाठी वर केलात?"

छबूबाईनं एकदा मारुतरावाकडे पाहिलं. तिच्या तोंडाला खोटं यायचं नाही असं नव्हे. भाजी विकताना यायचंच. पण सात वर्षं ज्यानं तिला थाप मारली नाही, तो समोर बसून विचारत होता.

"तुमची नोकरी ऱ्हावी म्हून," ती म्हणाली. "मारुतरावांनी सांगितलं समद्यांला. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

दत्तोबानं हातातल्या चिपळ्या खिशात घातल्या. मग उठला, पाळकसाहेबांकडे गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, आकडा खोडा. हे हात माझ्यासाठी आहेत. प्रभूसाठी यातला एकही नाही."

"एकही नाही?" साहेब म्हणाले. "तुम्हाला काय ठाऊक? परमेश्वर कोणत्याही वाटेनं..."

"असेल. पण मला माहीत आहे ते मी सांगितलं."

हात अजून काहींचे वरच होते. खाली घ्यायचे की कसं, ते सोपानरावांकडे बघत होते. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. आकडा खोडला की नाही ते कुणी पाहिलं नाही. ते मोटारीत बसून गेले, आणि आठवड्यात चाकणचं काम बंद केल्याचं पत्र आलं.

बाजारानं दत्तोबाला चार शिव्या घातल्या. वाढलेलं ताट लाथाडलं म्हणाले. गावानं एवढी अब्रू राखली आणि यानं चारचौघांत गावालाच खोटं पाडलं! सोपानराव तर त्यानंतर त्याच्या 'रामराम'ला उत्तर देईनात. मारुतरावाला सगळ्यांहून जास्त राग आला होता. दत्तोबा पायरीवर आला तेव्हा त्यानं पान्याला हातही लावला नाही.

"काय बिघडलं आसतं वं?" तो म्हणाला. "साऱ्या जगात हात असेच मोजत्यात. दिल्लीत, मुंबईत, पंचायतीत. तुमाला एकट्याला खरं हात पायजेत?"

"सगळे नको होते," दत्तोबा म्हणाला. "एकच हवा होता."

मारुतराव दोन पावलं पुढं आला. "तो यक कोन, आता तरी सांगा."

"छबूबाई."

"छबूबाई?" मारुतराव ओरडलाच. "ती तर कायम टर उडवायची तुमची!"

"तुम्ही सगळे ऐकत होतात, मारुतराव. ती विचारत होती. सात वर्षं तोच प्रश्न. मागं राहिलेल्यांचं काय झालं, याची जिला इतकी काळजी, तिचं मन किती नांगरलेलं असेल! कधीतरी तिनं आपणहून हात वर केला असता. किंवा नसता केला. पण आता तिनं तो एकदा वर केला, माझ्या नोकरीसाठी. आता पुन्हा कधी करावासा वाटला तरी तिला लाजच वाटणार." मग म्हणाला, "तुम्ही भल्यासाठी केलंत. मी राग धरलेला नाही."

भल्यासाठी! हे शब्द ऐकून मारुतरावाला वाटलं, त्यापेक्षा यानं कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं. भल्यासाठी त्यानं काही केलं नव्हतं. आणि सात वर्षं ज्याला आपण बावळट समजत होतो त्यानं आपल्याला भाजीवालीच्या खालच्या पायरीवर बसवलं होतं, आणि त्याला तो बसवतो आहे हेही कळत नव्हतं. मारुतरावाला त्याची कीव आली, स्वतःची किळस आली, आणि यातलं काही बोलता येईना म्हणून तो उगाच एक चांगलं चाक उतरवून त्याच्या आऱ्या ठोकत बसला.

छबूबाई पुढच्या शनिवारी गप्प होती. त्याच्या पुढच्याही. मेथी काय भाव म्हणून विचारलं तर तेवढंच सांगायची. चिंचेखाली आता कीर्तन नव्हतंच, त्यामुळे प्रश्न विचारायला कुणी नव्हतं आणि 'मला ठाऊक नाही' म्हणायलाही कुणी नव्हतं.

अक्षयतृतीयेच्या आसपास दत्तोबा निघाला. पिंपरीच्या कारखान्यात नगरकडच्या कुणाच्या ओळखीनं त्याला बाटल्या धुण्याच्या खात्यात काम लागलं होतं. म्हणजे मारुतरावानं सुचवलं तेच झालं. त्याचाही मारुतरावाला आनंद झाला नाही. सायकल मिशननं जुनी म्हणून त्याच्याकडेच सोडली होती. कॅरियरला पत्र्याची पेटी दोरीनं बांधलेली, वर काळ्या कोटाची घडी. समोरच्या लिंबावरचा कप त्यानं काढला, त्यात शेवटचा चहा घेतला, धुतला आणि पुन्हा खिळ्याला लावून ठेवला. दुसऱ्या कुणाला लागेल म्हणून असेल. मग तो छबूबाईपाशी गेला. दोघं काय बोलली ते मारुतरावाला ऐकू आलं नाही. तिनं एक जुडी उचलून त्याच्या पेटीच्या दोरीत खोचली, एवढं दिसलं.

तो दुकानासमोर आला तेव्हा मारुतरावाला पुष्कळ काही बोलायचं होतं. आडनाव विचारायचं होतं, गाव विचारायचं होतं. चुकलो असं म्हणायचं होतं, निदान त्याच्या आसपासचं काहीतरी. त्याची नजर सवयीनं चाकावर गेली.

"मागं हवा कमी हाय," तो म्हणाला. पंप मागंच उभा होता, तो घ्यायचं त्याला सुचलं नाही.

"पिंपरीपर्यंत जाईल ना?"

"मोशीपत्तूर जाईल. म्होरं भरून घ्या."

"बरं," दत्तोबा म्हणाला.